तीन भाऊ, तीन एसी आणि एक वायर

"हा घ्या चाळीसचा. बसवा आणि चहा प्या," असं म्हणून दिनकरशेठनी खिशातून नवाकोरा एमसीबी काढला आणि सुपारी ठेवावी तसा माझ्या हातावर ठेवला. उल्हासनगर कॅम्प पाचला खास जाऊन आणला होता.

शुक्रवार होता. मी आनंदनगरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि शुक्रवारी आमची सुट्टी. म्हणजे कंपनीची. बदलापुरातल्या ओळखीच्या लोकांची वीज नेमकी शुक्रवारीच बिघडते, त्यामुळे माझी नाही.

घर मांजर्लीतलं, तीन भावांचं. दिनकरशेठ थोरले, अनंता मधला, रमेश धाकटा. स्वयंपाक एक, खोल्या तीन, एसी तीन. दिनकरशेठांची मुलगी स्वाती बाळंतपणाला आली होती. बाळ बावीस दिवसांचं, मानेपासून पाठीपर्यंत घामोळं. दुपारी तिन्ही एसी चालले की तासाभरात खटका पडायचा. मग बाळ रडायचं, बाळ रडलं की स्वाती रडायची, आणि स्वाती रडली की दिनकरशेठ मला फोन करायचे.

एमसीबी म्हणजे हाच खटका. वायरीतून तिला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जायला लागला की तो पडतो आणि लाइन तोडतो. तो एसीच्या रक्षणासाठी नसतो, वायरीच्या रक्षणासाठी असतो. हे वाक्य मी इतक्या घरांत बोललोय की झोपेतही बोलतो, अशी आमच्या घरची तक्रार आहे.

मीटर आणि बोर्ड पहिल्या मजल्यावर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा बेताने. बोर्ड उघडला. आत पंचवीस अँपिअरचा खटका.

"शेठ, मी सोळाचा लावला होता."

"तो पडायचा ओ. अनंताचा एसी आला तेव्हा त्याच्या माणसाने पंचवीसचा टाकला."

"आणि वायर?"

"वायर तीच. तुमचीच. तुम्हीच बोल्लेलात, आता दहा वर्षं बघायला नको!"

बोललो होतो. एका एसीसाठी बोललो होतो, पण छाती तीन एसींची काढली होती.

हिशोब साधा. दीड टनाचा असा जुना एसी उन्हाळ्यात साधारण दहा अँपिअर ओढतो. तीन म्हणजे तीस. माझी वायर अडीच स्क्वेअर एमएमची, पाइपातून वीसच्या आसपास झेपणारी. तिच्यावर चाळीसचा खटका बसवला तर तो पडणारच नाही. वायर भाजत राहील आणि खटका मजेत बसून राहील.

त्यात आणखी एक करामत. अनंताच्या माणसाने दिनकरशेठांच्या एसीच्या पॉइंटवरून वायर ओढलेली, रमेशच्या माणसाने अनंताच्या पॉइंटवरून. म्हणजे तिन्ही एसींचा करंट दिनकरशेठांच्या खोलीच्या छतातून जात होता. स्वाती आणि बाळ त्याच खोलीत.

खटका खाली करून स्टुलावर चढलो आणि छताच्या पीओपीतला दिवा खाली ओढला. आत जॉइंट होता. टेप वितळून काळी झालेली, वायरीचं कव्हर बोटाने दाबल्यावर बिस्किटासारखं तुटलं. बरोबर खाली पाळणा.

मी खाली उतरलो, तिन्ही एसी बंदच ठेवले आणि चाळीसचा एमसीबी शेठच्या हातात परत दिला.

"बंद काय केलंत? पोर भाजेल ना!"

"पोर भाजू नये म्हणूनच बंद केलंय."

उपाय सांगितला. प्रत्येक एसीला बोर्डापासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची वायर आणि वेगळा वीसचा सी टाइपचा खटका. कॉम्प्रेसर चालू होताना करंटचा एक धक्का बसतो, तेवढ्याने सी टाइप पडत नाही. मीटर थ्री फेजचं होतंच, म्हणजे घरात विजेच्या तीन वेगळ्या लाइनी. तीन भाऊ, तीन फेज. इतकं सोपं काम मला वर्षात एकदा मिळतं.

फक्त तिन्ही खोल्यांचं पीओपी थोडं थोडं कापायला लागणार होतं.

"माझं दिवाळीत केलंय," रमेश म्हणाला. "दादाच्या खोलीतून सगळं न्या."

"माझ्या का? मी पहिला एसी घेतला हा गुन्हा का?"

"अहो, बाहेरून न्या ना," अनंता म्हणाला. "रमेशच्या गॅलरीतून."

"गॅलरीला हात लावायचा नाय!"

दोन तास. मी तीन चहा प्यायलो. ज्या घरात आजही एका ताटात मासे वाढून घेतात, तिथे इंचभर छत कुणी सोडेना. मी दोनदा उठलो, दोनदा बसवला गेलो.

तेवढ्यात स्वाती बाळाला कुशीत घेऊन दारात उभी. हातात पिशवी.

"मी कल्याणला जाते. सासरी पंखाच आहे, पण डोक्यावर जळकी वायर नाही."

ओट्याजवळ कोळंबी सोलत बसलेली या भावांची आई हात न धुताच उठली.

"सवा महिना नाय झाला आन् पोरीला उनात धाडता काय रे? तिच्या सासूला काय सांगू, बाप-काका छत सांभाळत बसलेत? फोडा ती तिन्ही!"

तिन्ही फोडली. शनिवारी मी रजा टाकली आणि संध्याकाळी वायरीला क्लॅम्प मीटर लावून करंट मोजला. एकेका वायरीत दहाच्या आत. तिन्ही एसी चालू, एकही खटका पडला नाही. बाळ दोन्ही हात पसरून झोपलं. तेवढ्यासाठी मी बाकीचं सगळं माफ केलं.

धडा सांगायचा तर खटका वारंवार पडत असेल तर मोठा खटका आणू नका, वायर बघा. आणि वायरमन असाल तर एकत्र कुटुंबात फेज वाटताना त्यांच्या वायरींच्या रंगांची नावं तोंडातून काढू नका. लाल, पिवळा, निळा, एवढंच मी बोललो आणि कुणाला कोणता यावरून पुन्हा सुरू झालं. शेवटी आईने चिठ्ठ्या टाकल्या. अनंताला निळा आला. तेव्हापासून तो भावांना सांगत असतो, माझाच एसी जास्त गार करतो.