आप्पांचं बोट

माझ्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं माझी बायको छातीठोकपणे सांगते. ठाऊक असेलही — पण ही एक गोष्ट नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्यातल्या कुणाला ओळखत नाही... बघा, सुरुवातच पळवाटेनं झाली.

आधी आप्पांबद्दल बोलू द्या. त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं. पिरंगुटजवळच्या चांदे गावात मी सहा वर्षं त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. नोकरी हिंजवडीत, बायको बार्शीला शिक्षिका, मुलगी तिच्याजवळ. आप्पांची निम्मी जमीन विकलेली, निम्मी भाताची, गोठ्यात तीन म्हशी. पहिल्याच आठवड्यात मी तापानं फणफणलो, तर काकूंनी — म्हणजे आप्पांच्या बायकोनं — तीन दिवस पेज करून वर पाठवली. परक्या माणसासाठी कोण करतं एवढं? रोज सकाळी धारा काढून झाल्या की आप्पा स्वतः किटलीतून दूध घेऊन वर यायचे. माझं दूध पोचवल्याशिवाय ते चहाचा घोटसुद्धा घेत नसत.

मग मला शुगर निघाली. बायकोनं यंत्र घेऊन दिलं. सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, की आकडा आपोआप माझ्या मोबाइलमध्ये — आणि तिथून थेट तिच्या मोबाइलमध्ये. हातानं बदलायची सोयच नाही. बाईनं पक्का बंदोबस्त केला होता. पण माझी जीभ कुठं ताब्यात? ऑफिस सुटलं की गाडीवरची भजी, गोडमिट्ट चहा, वर पाव किलो जिलेबी. सकाळी आकडा दोनशेच्या पुढं, आणि पाठोपाठ फोन. "अहो, काल काय खाल्लंत?" रोज किती ऐकून घेणार?

एकदा आप्पा दूध ठेवून यंत्राकडे टकामका बघत उभे राहिले. मी सहज म्हटलं, तुमची बघू का? त्यांनी लगेच बोट पुढं केलं.

"घ्या साहेब. रगत गोड हाय का कडू, बगू तरी."

ब्याण्णव! मिनिटाभरात बायकोचा मेसेज आला — शाबास.

तिला तो आकडा माझा वाटला, आणि मी तो तसाच वाटू दिला. दुसऱ्या दिवशी आप्पांना म्हटलं, या वयात रोज तपासलेलं बरं असतं. सुई मात्र दर वेळी नवी घ्यायचो — तेवढा सज्जनपणा होता अंगात! आप्पा गावभर सांगत सुटले, आमचं साहेब रोज माजी साखर बगत्यात, पोटचं पोर करनार न्हाई एवढं करत्यात. काकू आंबेमोहोराची पिशवी आणून देऊ लागल्या. मी ती घ्यायचो.

एवढंच असतं तर आज हसत हसत सांगितलं असतं. खरं पुढं आहे.

दोनेक वर्षांनी आप्पांचा आकडा चढायला लागला. शंभर. सव्वाशे. मग एकशे साठ. मी यंत्राला दोष दिला, पट्ट्यांची नवी डबी आणली. आकडा चढतोच आहे. तिकडून बायकोचे फोन सुरू — आप्पांच्या साखरेपायी बोलणी मी खात होतो. गणपतीच्या दिवसांत एका सकाळी दोनशे दहा आला. एका वाक्याचं काम होतं — आप्पा, डॉक्टरकडे चला. का नाही म्हणालो? कारण डॉक्टर विचारणार, आधीचे आकडे दाखवा. ते सगळे माझ्या मोबाइलमध्ये, माझ्या नावावर. आणि काकू तर माझ्या बायकोशी दर रविवारी फोनवर बोलायच्या. माझं बिंग फुटलं असतं. बस, एवढंच कारण. दुसरं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "आप्पा, तुमची साखर झकास आहे. आता रोज बघायची गरज नाही."

"ब्येस झालं," म्हणाले ते, आणि खूश होऊन जिना उतरले. यंत्र मी कपाटात टाकलं. बायकोला सांगितलं, बिघडलंय.

त्यानंतरही ते रोज दूध घेऊन येत होते. हडकले होते. एकदा म्हणाले, "पाय बदीर झाल्यागत वाटत्यात." मी किटली धुवायला आत गेलो. भातकापणीत त्यांच्या अंगठ्यात धसकट घुसलं, ते त्यांना कळलंसुद्धा नाही. काकूंनी हाक मारली तोवर अंगठा काळा पडला होता. गाडीत घालून मी त्यांना पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, साखर कधी तपासली होती का?

"साहेबांनी बगितलीया की," आप्पा पडल्यापडल्या म्हणाले. "झकास व्हती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो. तेव्हा ठीक होती.

अंगठा काढावा लागला. आणखी दोन दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आप्पा वाचले, चालते झाले, पुन्हा धारा काढायला लागले. त्याबद्दल कुणाचे आभार मानू ते मला कळत नाही, पण मानतो — रोज मानतो. दवाखान्यातून परतलो त्याच दिवशी यंत्र बाहेर काढलं आणि स्वतःचं बोट टोचलं. तेव्हापासून जो येईल तो आकडा बायकोला जातो. तिची बोलणी गोड लागतात. माझे डोळे शाबूत आहेत, मूत्रपिंडं ठीक आहेत, मुलगी माझ्या खांद्याला लागली ते मी डोळ्यांनी बघतोय. हे सगळं मला आप्पांकडून मिळालं.

गेल्या वर्षी भूगावला आम्ही फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आप्पा आणि काकू आले. जेवणं झाल्यावर आप्पांनी पिशवीतून कोरा फेटा काढला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या मानसानं माजा पाय वाचवला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं पदरानं डोळे टिपले. आप्पा स्वतःच्या हातानं मला फेटा बांधायला लागले. दुसरा फेरा घेताना त्यांचा तोल गेला — अंगठा नसला की जातो — आणि त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. ते पडू नयेत म्हणून मी ताठ उभा राहिलो, आणि फेटा बांधून होईस्तोवर एक शब्द बोललो नाही.