न निवडलेला विषय

कळवणचे शेतकरी कारभारी पगार यांची मुलगी तेजस्विनी नाशकात कॉलेजला आली ती सगळं ठरवूनच. आधी बी.कॉम., सोबत सीएची तयारी, मग कुणाच्या तरी ऑफिसात उमेदवारी. आकड्यांत तिचा हात असा चाले की शाळेत वर्गातल्या मुली परीक्षेच्या आधी तिच्याच बाकाभोवती जमायच्या. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात नोटीस लागली, की प्रत्येकाला आपल्या शाखेबाहेरचा एक विषय शिकावाच लागेल आणि कॉमर्सच्या पहिल्या वर्षासाठी तो विषय भूशास्त्र असेल, तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"दगडधोंडे शिकून मी कुणाचा टॅक्स भरणार आहे?" ती मैत्रिणीला, निकिताला म्हणाली.

निकिता तर रडकुंडीला आली होती. ती तबला शिकायची. कॉलेजात संगीत विभाग होता, तबल्याचे गुरुजी होते, पण नियम म्हणजे नियम. दोघी प्राचार्यांकडे जाऊन आल्या. "विषय निवडायचा नाही, शिकायचा," एवढंच उत्तर मिळालं.

शिकवायला यादव गांगुर्डे सर होते. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. सगळा वर्ग मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असायचा. सर रागवायचे नाहीत आणि थांबायचेही नाहीत. खडकांची नावं फळ्यावर लिहीत राहायचे. तेजस्विनीनं ती पाठ केली, चाचणीत मार्क मिळवले आणि विसरूनही गेली.

दिवाळीनंतर सरांनी सगळ्यांना बसमध्ये बसवून दिंडोरीच्या पुढे नेलं. रस्ता रुंद करताना तिथली एक टेकडी उभी कापलेली होती. तेजस्विनी हा रस्ता ओळखून होती. गावी जाताना एसटी इथूनच जायची, आणि या वळणावर ती नेहमी झोपलेली असायची.

सरांनी तिला कापलेल्या कड्याजवळ बोलावलं. काळ्या दगडात बारीक बारीक भोकं होती.

"यात बोट घाल."

तिनं घातलं. आतला भाग गुळगुळीत होता.

"हा बुडबुडा आहे," सर म्हणाले. "हा दगड पातळ होता, उकळत होता, तेव्हाचा. भातावर येतो ना, तसाच. फुटायच्या आत भोवतीचा रस गोठला आणि तो आत राहून गेला. साडेसहा कोटी वर्षं."

तिनं बोट काढलं नाही. मागे मुलं सेल्फी काढत होती, कुणीतरी वडापाव कुठे मिळतो ते विचारत होतं. तिला मात्र आपल्या बोटाच्या टोकाशी काहीतरी नुकतंच थांबल्यासारखं वाटत होतं.

सरांनी मग वर हात केला. काळ्या कड्याच्या मधोमध विटेच्या रंगाचा एक आडवा पट्टा गेला होता. त्याच्या खाली काळा दगड, वरही काळा दगड.

"लाव्हा एकदाच आला नाही. आला, थंड झाला, मग हजारो वर्षं शांत. त्या शांततेत दगड झिजून त्याची माती झाली. पाऊस पडला, झाडं उगवली. आणि एक दिवस वरून पुन्हा आग आली. हा पट्टा म्हणजे ती भाजलेली माती."

"म्हणजे ही जमीन होती?" तेजस्विनीनं विचारलं. "उघडी? उन्हातली?"

"हो. आत्ता आपण उभे आहोत तशीच."

परतीच्या वाटेवर ती खिडकीशी बसली. दूरचे डोंगर तिनं जन्मापासून पाहिले होते, त्यांच्या अंगावरच्या पायऱ्यापायऱ्यांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आता तिला एकेक पायरी दिसत होती. एकेक पायरी म्हणजे आगीचा एकेक पूर. बस कॉलेजच्या फाटकात शिरली तरी ती खिडकीशीच बसून होती.

शनिवारी ती गावी गेली आणि पिशवी ठेवून तडक विहिरीवर. ऊन डोक्यावर होतं, उजेड थेट आत उतरला होता. काळ्या भिंतीत खोलवर तसाच तांबडा पट्टा. लहानपणी ती याच विहिरीत पोहायला शिकली होती.

"वाकू नको येवढी," मागून कारभारी ओरडले. "काय पडलं का आत?"

"बाबा, तो तांबडा पट्टा…"

"त्यानं लय सतावलं आपल्याला. ओला झाला का ढासळतो. खोदताना दोन येळा काम बंद ठिवलं व्हतं."

"ती जमीन होती, बाबा. आपल्या वावरासारखी. वर पाऊस पडायचा, झाडं होती. मग तिच्यावर आग येऊन पसरली. आपण उभे आहोत ना, तो त्या आगीचाच दगड आहे."

कारभारी काठावर टेकले. त्यांनी खाली त्या पट्ट्याकडे पाहिलं.

"माणसं व्हती का तवा?"

"नाही. माणूस यायला अजून कोट्यवधी वर्षं होती."

"म्हंजे कुणी पाह्यलीच नाय ती जमीन," ते हळूच म्हणाले. "आपणच पाहून राह्यलो पहिल्यांदा." आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढच्या वर्षी कॉलेजानं नियम सैल केला. बाहेरचा विषय ज्याचा त्यानं निवडावा. निकितानं उडी मारून तबला घेतला. तेजस्विनीनं भूशास्त्र पुढे चालू ठेवलं. सरांच्या वर्गात पाय ठेवला तर समोर तीनच डोकी. सर नेहमीसारखेच फळ्यावर लिहीत होते. तिला ते पाहवेना.

"परत सक्तीच करायला हवी," ती कॅन्टीनमध्ये निकिताला म्हणाली. "मला निवडायला सांगितलं असतं तर मी मेले तरी हा विषय घेतला नसता."

"आणि माझं वर्ष गेलं त्याचं काय? तुला आवडला म्हणून सगळ्यांच्या गळ्यात बांधणार?" निकिता उसळली. मग जरा थांबून म्हणाली, "तू एकदा आमच्या वर्गाला ये."

तेजस्विनी गेली. कोपऱ्यात सतरंजीवर बसली. निकितानं तबल्यावर हात ठेवला आणि सोळा मात्रांचा एक फेरा सुरू झाला; त्यातून वाट चुकल्यासारखी ती भरकटत गेली, आता सापडत नाही असं वाटलं, आणि नेमकी समेवर, फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, येऊन उतरली. आपली रोजची, डब्यातली भाजी वाटून खाणारी निकिता कुठल्या कुठे पोचली होती.

"हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"मला तरी तुझे दगड कुठे दिसले? मी तिथे असून."

दोघींनी मिळून प्राचार्यांची भेट घेतली. सक्ती नको, पण नावं वाचून निवड करायलाही लावू नका. आधी दाखवा, मग विचारा. प्राचार्यांनी बरंच ताणून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीचा एक आठवडा दिला. त्या आठवड्यात नव्या मुलांनी कुठल्याही विभागात जाऊन बसावं आणि त्यानंतर विषय सांगावा.

भूशास्त्राच्या दिवशी सरांचा गुडघा धरला. "तूच घेऊन जा," ते तेजस्विनीला म्हणाले. बस अर्धी रिकामीच होती. टेकडीपाशी उतरल्यावर तिनं पाठ केलेलं सगळं तिच्या तोंडातून पळालं. जो तो आपापल्या फोनमध्ये. तिनं बोलायचा नाद सोडला आणि एकेकाला कड्याच्या कडेला, तांबडा पट्टा हाताला लागतो तिथे नेऊन त्या मातीवर तळहात ठेवायला लावला. त्या मातीत काय काय घडलं, ते साध्या शब्दांत सांगितलं.

बहुतेकांनी हात झटकले आणि बसकडे वळले. पेठकडून आलेली रोशनी नावाची मुलगी तिथेच उभी राहिली.

"ताई, हा खालचा काळा दगड… त्याच्याखाली काय असेल?"

"आणखी एक पट्टा. कधीतरी उघडी पडलेली जमीन."

"आणि तिच्याखाली?"

"पुन्हा दगड."

रोशनीनं आपल्या पायांकडे पाहिलं आणि अलगद चप्पल काढून बाजूला ठेवली.