खिळेकाकांची जागा

पासपोर्टचे फोटो काढण्यात जन्म गेला, पण खिळेकाकांचा खरा जीव जुन्या पोस्टाच्या दगडी इमारतीत. एकतीस वर्षं, एकाच तारखेला, सकाळी सातच्या ठोक्याला, एकाच जागेवरून तिचा एक फोटो. जागा चुकू नये म्हणून त्यांनी समोरच्या फुटपाथवर पितळी खिळा ठोकला होता. नाव तिथूनच पडलं. फोटोंची गड्डी अंगठ्याने भराभर सोडली, की कमानी जागच्या जागी राहत, झाड वाढे, पत्रपेटी नाहीशी होई, पाट्या बदलत. एक फोटो जरी तसूभर सरकला, तरी सगळी इमारत उडी मारणार!

यंदा येऊन बघतात तर फुटपाथ कोरा करकरीत. खिळ्याचा मागमूस नाही. सातला वीस मिनिटं कमी, आणि डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे नजरेने जुळवायचीही सोय नाही. काका पुढे-मागे चार येरझारा घालून मटकन कठड्यावर बसले. "संपलं. एकतीस वर्षं पाण्यात."

सोबत सूनबाई होती. गड्डी चाळता चाळता ती म्हणाली, "बाबा, ही खाली डोक्याची सावली कुणाची?"

"तुझ्या सासूची. मी कॅमेऱ्याशी वाकलो की ही मागे उभी. मागून सायकली येतात म्हणे! 'बाजूला हो, फोटो नासतोय' म्हणून दरवर्षी ओरडायचो. ऐकेल तर शपथ."

ती गेल्यानंतरचे दोन फोटो अगदी स्वच्छ आले होते. काकांना ते बघवत नसत.

"पण सावलीचा अंबाडा दरवर्षी इमारतीपुढच्या या हौदाच्या फुटक्या कोपऱ्यावरच आहे की!" सून उठली. "हौद अजून तिथंच आहे. आणि मी उंचीला आईंएवढीच."

तिने केस वर बांधले आणि इंच इंच सरकत राहिली. सातला दोन मिनिटं असताना सावलीचं डोकं कोपऱ्यावर टेकलं. काकांनी तिच्या पुढ्यात कॅमेऱ्याची तिपाई रोवली. जिच्यावर एवढी वर्षं खेकसलो, तिनेच जागा राखून ठेवली होती. हे उपकार आता फेडायचे तरी कसे?

"बाबा, जागा तर सापडली. आता बाजूला होऊ?"

"नको," काका वाकत म्हणाले, "उभी राहा तिथंच. मागून सायकली येतात."