मागच्या पडवीची राखण

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या धंद्यात एक साधा नियम असतो: जो बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो बग नाही. भुताखेतांच्या गोष्टींनाही मी आजवर हाच नियम लावत आले. या ग्रुपवरचे अनुभव मी चहा पिताना वाचते आणि निम्म्या वेळा हसते. माफ करा, पण खरं ते खरं. आज स्वतःच लिहायला बसलेय, कारण कुणाला तरी सांगायला हवं... आणि घरात सांगण्यासारखं कुणी उरलेलं नाही.

आम्ही सिंगापूरला, सेंगकांगमध्ये राहतो. म्हणजे राहत होतो. नवरा निखिल जुरोंग आयलंडवर प्रोसेस इंजिनिअर, भल्या पहाटे कंपनीच्या बसने जाणारा. माझं ऑफिस वन-नॉर्थला. मुलगी रेवा प्रायमरी फोरमध्ये, म्हणजे चौथीत. दोन वर्षांपूर्वी सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या, सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच.

सासूबाई म्हणजे भाजी घ्यायला गेल्या तर भाजीवाल्याच्या मुलीचं लग्न जमवून येणाऱ्या. इथे चौदाव्या मजल्यावर दिवसभर एकट्या. शेजारच्या चिनी आजींशी लिफ्टपाशी हसायचं, तेवढाच संवाद. रेवाशी बोलायला जावं तर ती "आजी, आय गॉट होमवर्क लाह" म्हणून खोलीत पसार. दुसऱ्या आठवड्यात त्या टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं द्यायला लागल्या. आम्ही हसलो, पण हे असं चालायचं नाही हे मला कळलं.

तेव्हा शलाकाने मार्ग काढला. शलाका माझी कॉलेजची मैत्रीण, नवरा बँकेत बड्या हुद्द्यावर. माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, टेकाडावरच्या जुन्या इस्टेटीत त्यांनी एक ब्लॅक अँड व्हाइट बंगला भाड्याने घेतला होता. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: ब्रिटिशांच्या काळात साहेबलोकांसाठी बांधलेली ही घरं. पांढऱ्या भिंती, काळं लाकूडकाम, बांबूचे पडदे, भोवती एवढं मोठं हिरवळीचं आवार की आमचा अख्खा ब्लॉक त्यात मावेल. साहेबाला परमुलखात आपल्या गावच्या जमीनदाराच्या हवेलीत असल्यासारखं वाटावं, हा सगळा खटाटोप. फाटकाच्या खांबावर इंग्लंडमधल्या कुठल्याशा हवेलीचं नावसुद्धा कोरलेलं, आता अर्धं पुसलेलं. घराच्या मागे छप्पर घातलेली अरुंद वाट आणि तिच्या टोकाला नोकरांच्या खोल्यांची रांग. इस्टेटीच्या तोंडाशी माहितीचा फलक आहे. त्यावर साहेबांच्या टेनिसबद्दल परिच्छेदच्या परिच्छेद, आणि मागच्या खोल्यांबद्दल एक ओळ: नोकरवर्ग मागे राहत असे. बस.

शलाका घरूनच काम करायची. म्हणाली, "काकूंना सकाळी माझ्याकडे सोड, संध्याकाळी घेऊन जा. झाडं आहेत, मोकळं आहे. त्यांना बरं वाटेल."

आणि खरंच बरं वाटलं. आठवड्याभरात सासूबाईंचा चेहरा खुलला. शलाका वर कॉलवर असायची आणि या खाली त्या मागच्या वाटेवर. त्या वाटेला त्या पडवी म्हणायच्या. तिथे खुर्ची टाकून भाजी निवडत बसायच्या.

एकदा जेवताना म्हणाल्या, "तिथे मागे एक बाई असतात. बऱ्या आहेत बोलायला."

मला वाटलं, शेजारच्या बंगल्यातली हेल्पर असेल. "कुठल्या भाषेत बोलता?"

"अगं मराठीत! आमच्या चिपळूणकडचंच बोलतात, जरा जुन्या वळणाचं. आज भाकरी दिली त्यांनी मला, चुलीवरची."

मी निखिलकडे बघितलं. निखिलने भाताकडे बघितलं. सिंगापुरात चूल? पण त्यांच्या साडीला धुराचा वास येत होता. लाकडाच्या धुराचा, डोळ्यांना झोंबणारा. मी स्वतः ती साडी मशीनमध्ये टाकली.

शलाकाला विचारलं तर म्हणाली, "मागच्या खोल्यांना कुलपं आहेत गं, आमच्या बॅगा ठेवल्यात तिथे. काकू फोनवर बोलत असतात ना?"

सासूबाईंचा फोन दिवसभर आमच्या घरी चार्जिंगला असायचा. मी मनाशी म्हटलं, माणूस गेलंय त्यांचं, एकट्याच बोलत असतील, बोलू देत. खाताहेत, हसताहेत, आणखी काय हवं?

मग एका शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्या त्या समाधानाने. म्हणाल्या, "त्या बाई आज गावी गेल्या एकदाच्या."

"कोण? चिपळूणवाल्या?"

"हो गं. मुंबईला साहेबाकडे आया होत्या, मडमेची मुलं सांभाळायच्या. साहेबाबरोबर बोटीने इकडे आल्या. मग लढाई लागली, साहेबाची माणसं घाईघाईने बोटीत बसली. मडम यांना म्हणाली, घराकडे लक्ष ठेव, आम्ही येतोच. तेव्हापासून बसल्यात बिचाऱ्या. घर उघडं टाकून जायचं कसं?"

"आई... कुठली लढाई?"

"जपानी आले होते ना इकडे, तीच."

मी मनात वर्षांचा हिशोब केला आणि हातातली पोळी खाली ठेवली. त्या मात्र भाजी वाढून घेत सांगत होत्या, "मीच म्हटलं, तुम्ही खुशाल जाऊन या गावाला, मी बसते की इथे. एवढं म्हटलं मात्र, त्या उठल्याच. पदर खोचला आणि चालायला लागल्या. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही गं."

आपल्याकडे कोणीही म्हणतं ते. तुम्ही जाऊन या, मी आहे. गॅसवर दूध ठेवून शेजारणीला सांगतो तसं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी बघते तर सासूबाई आंघोळ करून, पर्स घेऊन दाराशी उभ्या.

"आज सुट्टी आहे आई."

"घराला कसली सुट्टी? तिकडे सगळं उघडं आहे. कुणी नाहीये."

त्या दोन दिवसांत त्यांनी अन्नाला हात लावला नाही. घास तोंडात घ्यायच्या आणि तसाच बाहेर काढायच्या. "उतरत नाही गं. जीव तिकडे आहे." सोमवारी शलाकाकडे सोडलं तर तिथे दोन वाट्या भात जेवल्या. निखिल घाबरला आणि चिडलाही. त्याने त्यांचं तिकडे जाणं बंदच केलं. त्यानंतर सासूबाई झरझर वाळत गेल्या. रक्त, पोट, डोकं... सगळ्या तपासण्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, घरी पाठवा, आपल्या माणसांत बऱ्या होतील. निखिलने लगेच तिकीट काढलं.

चांगी एअरपोर्टवर काचेच्या दारातून आत जाताना सासूबाई थांबल्या. माझा हात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी शब्द दिलाय." आणि खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, सलाइन. अंगात जीवच राहिला नव्हता. डॉक्टर निखिलला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हा मला कळलं की ही बाई आता जाणार.

माझी आई मी शाळेत असताना गेली. लग्नानंतर पहिल्या तापात माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या त्या सासूबाई. सून आहे म्हणून नाही, मला आई नाही म्हणून. त्यांना मी अशी जाऊ देणार नव्हते.

मी टॅक्सी केली. भर दुपार होती, रखरखीत ऊन. शलाकाने दार उघडलं, मी काही न बोलता सरळ मागे गेले. सासूबाईंची खुर्ची तिथेच होती. खोल्यांना कुलपं. समोर हिरवळीवर माळी मशीन चालवत होता. इतकं साधं दृश्य की मला स्वतःचीच लाज वाटली. एम.एस्सी. झालेली बाई मी! तरी मोठ्याने म्हणाले, "आईंना सोडा. त्यांचा शब्द मी घेते. मी बसते."

काहीही झालं नाही. दार वाजलं नाही, वारा सुटला नाही. फक्त लाकडाच्या धुराचा वास आला. मी खुर्चीत बसले. थोड्या वेळाने निखिलचा फोन: "आईने डोळे उघडले. भूक लागलीय म्हणतेय!" तो रडत होता.

दोन आठवड्यांत सासूबाई टुणटुणीत होऊन पुण्याला लेकीकडे गेल्या. त्यांना काही आठवत नाही. शलाकाचं घर ना? छान होतं, पण डास फार, एवढंच म्हणतात.

आणि मी... मीटिंगमध्ये असते आणि एकदम छाती भरून येते की तिकडे उघडं आहे, कुणी नाहीये. मग जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिकडे जाते. त्या खुर्चीत बसलं की श्वास मोकळा होतो. शनिवार-रविवारीसुद्धा काहीतरी निमित्त काढून जातेच. स्ट्रेस, असं मी स्वतःला सांगायचे.

पुढच्या डिसेंबरात आम्ही तिघं पुण्याला निघालो. इमिग्रेशन झालं, गेटपाशी बसलो, आणि नणंदेचा फोन आला. "वहिनी, आई काहीतरीच करतेय. ताट सारलं आणि म्हणते, घर उघडं राहिलं, कोण गेलं उठून? मला तर काही कळत नाहीये."

मला कळलं: मी उठले की राखण पुन्हा त्यांच्यावर जाते. निखिलला रेवाला घेऊन पुढे जायला सांगितलं. काय कारण दिलं ते आठवत नाही. रेवा ओरडून रडत होती, "मम्मा, व्हाय यू लाइक दॅट!" लोक बघत होते. मी टॅक्सीने सरळ टेकाडावर गेले. खुर्चीत बसले आणि नणंदेला फोन लावला. सासूबाई कढी-भात जेवत होत्या.

दुसऱ्यांदा घडलं. माझ्याच नियमाने म्हणायचं तर बग खरा आहे. तिसऱ्यांदा करून बघायची माझी हिंमत नाही, कारण टेस्ट कुणावर करायची, तर त्यांच्यावर!

मग मी निखिलला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मला काउन्सेलरकडे नेलं. पुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुण्यात चांगली नोकरी मिळाली. "चल," म्हणाला. मी नाही म्हणाले. "मग काय जन्मभर ते घर राखत बसणार आहेस?" तो रेवाला घेऊन गेला. त्याला वाटतं मला डोक्याचा आजार आहे, आणि भांडण वाढलं की वाटतं दुसरं कुणीतरी आहे. त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

आता मी वन-नॉर्थजवळच एक खोली घेतलीय. शलाका केव्हाच एका काँडोतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. बंगला रिकामा आहे, पण फाटक नुसतं ओढून घेतलेलं असतं. हे काय आहे, मला माहीत नाही. ती बाई कोण, गावी पोचली का, तिथे तिचं कुणी होतं का... काही कळायला मार्ग नाही. कुणाला असं काही माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त "देवाचं काहीतरी करा" एवढं सांगू नका, ते सगळं करून झालंय.

सासूबाई दर रविवारी फोन करतात. आता त्यांच्या आवाजात राग असतो. परवा म्हणाल्या, "माझा मुलगा एकटा, पोर आईविना, आणि तू तिकडे नोकरीला चिकटून बसलीस. पैशापुढे माणसं दिसेनाशी झाली का गं तुला? इतकी दगडाच्या काळजाची असशील असं वाटलं नव्हतं."

त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मी ऐकत राहिले. मग विचारलं, "आई, जेवलात?"

"जेवले की. दोन भाकऱ्या खाल्ल्या. विषय बदलू नकोस."

"नाही बदलत," मी म्हणाले. "बोला तुम्ही."