रत्नाताईंचा निळा चेंडू

थंडी पडली की न्यूनेन या आमच्या डच गावातली माणसं हीटर वाढवून घरात बसतात. रत्नाताई मेश्राम मात्र गिरमिट घेऊन बाहेर पडायच्या. सुतार लाकडाला भोक पाडतो तसलंच, पण चांगलं कमरेएवढं. घरामागच्या तळ्याकाठी उकिडवं बसून त्या बर्फाला भोक पाडत, त्यात स्टीलची पट्टी घालत आणि चष्मा कपाळावर चढवून निकाल सांगत, “पापड.” म्हणजे फारच पातळ. पापडानंतर पोळी, मग भाकर आणि शेवटी फरशी. फरशी झाली की त्यावर पाय ठेवायचा, त्याआधी नाही.

मी पुण्याची. शेजारी काय चाललंय हे विचारल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. पहिल्यांदा त्यांना तसं बसलेलं पाहिलं तेव्हा नवऱ्याचं जॅकेट चढवून मी थेट तळ्यावर गेले.

“मासे धरताय का?”

“मासे कायले? गोल्फ खेळाचं आहे.”

“बर्फावर?”

“मंग काय पाण्यावर?”

रत्नाताई नागपूरच्या. जवळच्या फेल्डहोवन गावातल्या एका कंपनीत केसापेक्षा कितीतरी बारीक गोष्टी मोजण्याचं काम करायच्या. ऑफिसात इंग्रजी, दुकानात मोडकंतोडकं डच, पण आपलं माणूस भेटलं की अस्सल नागपुरी सुरू. पन्नाशी उलटलेली ही बाई, नागपूरच्या उन्हात वाढलेली, आणि हिला बर्फावर गोल्फ का खेळायचाय, हे कोडं काही मला गप्प बसू देईना.

त्या हिवाळ्यात तळं पापडाच्या पुढे गेलंच नाही, पण बर्फ मात्र भुरभुरला. ताईंनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली काठी काढली आणि आम्ही शेजारच्या मैदानात सराव सुरू केला. पांढऱ्या बर्फात पांढरे चेंडू! एकेक करून गडप. मला वाटलं, आपण डोकं चालवावं. घरातून कुंकवाची डबी आणली, तेलात कालवून उरलासुरला चेंडू लालभडक करून दिला. ताईंनी तो मारला आणि बर्फावर लाल रेघ उमटत गेली. दुसऱ्या फटक्याला लाल शिंतोडे. तेवढ्यात कुत्र्याला फिरवायला निघालेले आमचे शेजारी हेंक धापा टाकत धावत आले. तांबडा बर्फ, हातात लोखंडी काठी घेतलेली बाई आणि लाल हातांची मी. बिचारे खिशातला फोन शोधत होते. ताई हसून हसून बर्फातच बसल्या.

“अवं पुणेकर, पोलीस बोलावते का तू आता?”

हेंक निवृत्त शिक्षक. सगळा प्रकार कळल्यावर म्हणाले, इकडचे जुने लोक गोठलेल्या पाण्यावर काठीनं चेंडू मारत, जुन्या चित्रांत तसे दिसतात. आता पाणीच गोठत नाही. तेव्हापासून तेही आमच्यात सामील झाले. पापड आणि भाकर हे शब्द त्यांना चटकन आले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी एका चेंडूला नेलपॉलिशचे थर दिले. निळ्याभोर.

“कुंकू राहू दे तुह्यापाशी. हा आपला रंग.”

मला कळलं. मी कुंकवाची डबी मिटून खिशात टाकली.

मग चहा पिताना मी विचारलंच. “ताई, इथे गोल्फची एवढी मैदानं आहेत. मग हा बर्फाचा हट्ट कशाला?”

“गेली होती न एकदा पाहाले. मेंबरशिप, परवाना, अशाच चपला अन् तसाच शर्ट. बाप्पा! एवढ्या अटी तर माह्या व्हिसालेबी नव्हत्या.” मग म्हणाल्या, “कामठीकडे साहेब लोकायचं मैदान होतं. आम्ही पोरं तारेच्या बाहेर. चेंडू बाहेर आला का आम्ही परत फेको. तिकून हात वर करत, थँक्यू म्हणत. चांगलेच लोक होते. पण आत ये, असं कोणी म्हटलं नाही कधी. आता तळं गोठलं तर तार कुठं ठोकशीन? अन् तळ्यावर सगळ्यायचा हक्क असते, हे आम्हाले कोणी शिकवा लागत नाही.”

हे त्या बिस्कीट बुडवता बुडवता बोलल्या. माझं बिस्कीट मात्र कपातच विरघळलं.

पुढचे हिवाळे कोमटच गेले. कधी पापड, फार तर पोळी. मग नागपूरला त्यांची आई पडली आणि अंथरुणाला खिळली. ताईंनी नोकरी सोडली. फेब्रुवारीतल्या एका रविवारचं विमान ठरलं. आणि काय सांगू, त्याच आठवड्यात पूर्वेकडून बोचरा वारा सुटला! रोज सकाळी आम्ही तिघं तळ्यावर. पापड. पोळी. जाड पोळी. शनिवारी संध्याकाळी ताईंनी गिरमिट फिरवलं, पट्टी घातली, पुन्हा घातली.

“भाकर.”

हेंक म्हणाले, काठाला पाणी गुडघ्याएवढंच आहे, काही होणार नाही. मलाही राहवेना. “ताई, कडेकडेनं मारा की एक. उद्या तुम्ही कुठे असणार?”

त्यांनी पट्टी पुसून खिशात ठेवली. “कडेनंच खेळाचं असतं, तर कामठीलेच खेळली नसती का मी?”

मला रडूच आलं. रागही आला, त्या बर्फाचा.

रविवारी उजाडताच मी धावले. ताई आणि हेंक आधीच तिथे. बॅगा दारात, टॅक्सी यायची होती. गिरमिट बराच वेळ फिरत राहिलं. पट्टी वर आली. ताईंनी आमच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “फरशी.”

हेंकनी गोल्फच्या भोकाऐवजी तुपाचा रिकामा डबा दूर नेऊन आडवा ठेवला. ताई चालत चालत तळ्याच्या मधोमध गेल्या. तिथे नुसत्याच उभ्या राहिल्या, चारी बाजूंना बघत. मग निळा चेंडू खाली ठेवला आणि काठी फिरवली. चेंडू टणकन उडाला, आपटला आणि जो घसरत सुटला, तो थांबेचना! डबा राहिला बाजूला, चेंडू पार पलीकडच्या काठाला उगवलेल्या बोरूच्या गवतात जाऊन अडकला.

“आणू का?” मी विचारलं.

“राहू दे. लई चेंडू परत केले. हा नाही द्याचा.”

गिरमिट माझ्या हातात देऊन त्या टॅक्सीत बसल्या.

मग नागपूरहून रोज मेसेज, “आहे का?” मी रोज फोटो पाठवायचे: बोरूतला निळा ठिपका. पुढे वारा फिरला. फरशीची भाकर झाली, भाकरीची पोळी, पोळीचा पापड, आणि एका सकाळी ठिपका दिसेना. गोल्फचा चेंडू पाण्यात तरंगत नाही, हे मला हेंकनी सांगितलं. जड मनानं मी ताईंना लिहिलं, “बुडाला हो.”

लगेच फोन आला. मागे आईंची काठी टकटकत होती; बहुतेक उठून चालू लागल्या होत्या.

“बुडाला? मंग रडते कायले, पुणेकर?” ताई म्हणाल्या. “आता त्या तळ्यात आपलंबी काही आहे.”