खळ लावलेला चेहरा

माझ्या तोंडावर पुटकुळ्या आल्या तेव्हा मी बाविशीत होते आणि राग कायम नाकावर. खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानात मी कामाला होते. गिऱ्हाईक साडीआधी माझ्या गालांकडे बघायचं, आणि मला त्याचे डोळे काढावेसे वाटायचे. तशात पंधरा दिवसांनी मुलाकडची मंडळी मला बघायला येणार होती.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी रेटिनॉइड नावाच्या मलमाची ट्यूब दिली. झोपताना, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढंच लावायचं. डोळे आणि ओठ सोडून. तेही सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. सकाळी सनस्क्रीन. "गडबड केलीस तर चेहरा भाजेल," त्या म्हणाल्या. फरक दिसायला तीन महिने लागतील हेही सांगितलं. तीन महिने! मला त्यांच्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं.

आम्ही वडगावचे विणकर. आईचा जन्म ताण्याच्या उभ्या सुताला पिठाची खळ लावण्यात गेलेला. खळ कमी बसली की धागा मागावर तटातट तुटतो, हे तिचं शास्त्र. ट्यूब बघून ती हसली. "वाटाण्याएवढ्यानं काय हुतंय गं? दाबून लावाय पायजे." मग रोज झोपताना तिनं स्वतःच्या हातानं माझ्या तोंडावर थरावर थर दिले. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

सहाव्या दिवशी गाल लालबुंद झाले, सालं सुटली, नुसतं पाणी लागलं तरी मिरची चोळल्यागत आग. आई हळद आणि डाळीचं पीठ कालवून घेऊन आली. "सालं काढली की नवी कातडी येती," म्हणत तिनं माझी हनुवटी घट्ट धरली आणि खसाखसा घासायला लागली. मी किंचाळले, तिचा हात झटकला. तिनं त्याच सोललेल्या गालावर एक ठेवून दिली. "तुझ्या भल्यासाठीच न्हवं गं हे सगळं!"

मी आईला ढकललं. दोन्ही हातांनी, होती नव्हती ती ताकद लावून. ती मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटली. शेजाऱ्यांचे माग खडखडत होते, तरी मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मंडळींना येऊ नका म्हणून कळवलं. डॉक्टरीणबाईंनी मला फाडून खाल्लं. चेहरा शांत होईपर्यंत ट्यूब बंद, फक्त मॉइश्चरायझर. नंतर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोन रात्री, अगदी थोडं. यावेळी मी मुकाट ऐकलं, आणि चारेक महिन्यांत कातडी साफ झाली.

आईचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. तुटलेला धागा सांधताना तिला आता दातांची मदत घ्यावी लागते. ते बघताना मला माझेच हात तोडून टाकावेसे वाटतात. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "माझीबी चूक हुतीच की. सोड आता."

पण तिनं त्यानंतर माझ्या चेहऱ्याला हात लावलेला नाही. परवा माझ्या गालाला सूत चिकटलं होतं. ते काढायला तिनं हात उचलला, मग थांबली, आणि लांबूनच बोटानं दाखवलं.