शेवटचं कधी विचारलं

"वैशालीने तिच्या कामाची ब्रँच सर्व्हरवर टाकलेलीच नाही," असं मी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणालो. ब्रँच म्हणजे तिने लिहिलेल्या कोडची वेगळी प्रत; माझ्या कॉम्प्युटरने दोनदा सांगितलं होतं, या नावाची ब्रँच नाही. वैशाली उठली. माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, वाकून तिने 'गिट फेच', म्हणजे सर्व्हरवरची ताजी यादी आण, एवढंच टाइप केलं आणि स्क्रीनवर तिच्या ब्रँचचं नाव उमटलं.

"सोमवारीच टाकली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "तू सर्व्हरला विचारलंच नाहीस."

माझे कान तापले. सॉरी म्हणालो, पण तेही पुटपुटत. आरोप मात्र खणखणीत आवाजात केला होता.

वीस वर्षं हेच काम करतोय. सर्व्हरवर काय आहे याची जी यादी आपल्याला दिसते, ती आपण शेवटचं विचारलं तेव्हाची असते, हे नव्या मुलांना मीच शिकवतो. तरी ती आजचीच आहे असं धरून चालतो. यादी बिचारी गप्प असते, आपण शिळे झालोय असं ती सांगत नाही. माणसांच्याही अशाच याद्या मी बाळगून आहे. कोणी चौकशी केली की बेधडक सांगतो, आईचा गुडघा आता बरा आहे.

जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावला. "गुडघा कसा आहे गं?"

तिने उलट विचारलं, "कुठला? उजवा की डावा?"

मला एकच माहीत होता.